औंधचं म्युझियम बघून आले आणि डोक्यात एकच प्रश्न अडकलाय

माळरान

मागच्या रविवारी बाबांना घेऊन औंधला गेले होते. पुण्यातलं औंध नव्हे हो, सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. यमाई आमची कुलदेवता, त्यामुळे लहानपणापासून चार-पाच वेळा जाणं झालंय, पण दरवेळी दर्शन, नैवेद्य आणि परत जीपमध्ये. मूळपीठाच्या डोंगराकडे चढताना वाटेत ती म्युझियमची इमारत दिसायची आणि मोठी माणसं म्हणायची पुढच्या वेळी बघू. ती पुढची वेळ यायला मला चाळिशी गाठावी लागली.

आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी नुसतीच भांबावून फिरत होते. संस्थानिकाचं म्युझियम म्हटलं की माझ्या डोक्यात तलवारी, पेंढा भरलेला वाघ आणि वाघावर पाय ठेवून उभे राहिलेले महाराज. इथे समोर काय, तर युरोपातल्या जुन्या चित्रांच्या भल्यामोठ्या नकला, ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती, पुढे पहाडी शैलीतलं किरातार्जुन, मग रविवर्म्याची ओरिजिनल तैलचित्रं, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर, हस्तिदंत, चंदनातलं कोरीव काम, सहा ऋतूंची शिल्पं, आणि या सगळ्यात हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराचं छोटंसं मदर अँड चाइल्ड. मूर! खटाव तालुक्यात! बाहेर उन्हात शेळ्या चाललेल्या आणि आत मूर. बाबा म्हणाले, "हे काय अर्धवट सोडलंय का?" मी समजावायला गेले पण मलाच नीट येईना, मग गप्प बसले.

हे सगळं जमवणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. भवानराव श्रीनिवासराव. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ ला, गेले १९५१ ला. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचं तर वेडच होतं त्यांना. हे म्युझियम १९३८ चं. आणि त्यानंतर लगेच, १९३९ च्या जानेवारीत, त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हातात देणारी घटना जाहीर केली. म्हणजे सत्तरीच्या माणसाने आयुष्यभराचा संग्रह मांडून ठेवला आणि पाठोपाठ राज्यच देऊन टाकलं, वर्षभराच्या आत-बाहेर.

तर माझा प्रश्न. या माणसाला चित्रांचं एवढं वेड की रामायणाचे प्रसंग स्वतः रंगवले आणि १९१६ मध्ये छापले पण. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, पुराणं आहेत, देवदेवता आहेत. राज्य सोडल्याचा दिवस मात्र कुठल्या चित्रात नाही. निदान मला तरी कुठे दिसला नाही, दोनदा फिरले. आपल्याकडे राज्याभिषेकाचं चित्र प्रत्येक घरात असतं. एक राजा आपण होऊन खाली उतरतो त्याचं चित्र का नाही? का काढलं नसेल? का काढावंसं वाटलं नसेल? घरी येईपर्यंत गाडीत हेच चाललं होतं डोक्यात, बाबा घोरत होते.

इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय. आणि प्लीज, संस्थानिक म्हणजे सगळे ऐयाश आणि संस्थानिक म्हणजे सगळे देवमाणूस ही दोन टोकं सोडून बोला.

चहाबिस्कीट

पहिला नंबर. "अर्धवट सोडलंय का" साठी तुमच्या बाबांना साष्टांग.

कागदी_घोडा

छान धागा माळरान ताई. थोडं बॅकग्राउंड टाकतो म्हणजे पुढे बोलता येईल.

बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत (आप्पा पंत, पुढे भारताचे राजदूत झाले ते, लंडनला हायकमिशनर पण होते) तेव्हा नुकतेच इंग्लंडहून शिकून आले होते. बंगलोरकडे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर होता, गांधींनी ज्याला भारतानंद नाव दिलं तो. तो औंधला आला आणि त्याच्या संगतीत ही कल्पना पिकली. मग १९३८ च्या अखेरीस हे लोक गांधींकडे वर्ध्याला गेले, गांधींनी मसुद्यात लक्ष घातलं. त्यांचं म्हणणं असं की वरती एक असेंब्ली बसवून काही होणार नाही, गावापासून सुरुवात करा. म्हणून गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याचं मंडळ, तिथून वर राज्याची सभा. न्यायनिवाडा शक्यतो गावातच. महसुलातला मोठा वाटा खालीच ठेवायचा. संस्थान केवढंसं, ७२ गावं, ती पण सलग नाहीत, औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. नकाशा बघितला तर कोणीतरी ताटात भात सांडल्यासारखं दिसतं.

चित्र का नाही, तर माझं साधं उत्तर. काढणार काय? एक म्हातारा माणूस कागद वाचतोय आणि समोर लोक बसलेत. राज्याभिषेकात छत्र आहे, चामर आहे, सिंहासन आहे, नजराणे आहेत, चित्रकाराला करायला भरपूर काम. राज्यत्यागात प्रॉपर्टीच नाही हो स्टेजवर ठेवायला.

ठिगळ

कागदी_घोडा दादा, भाताची उपमा आवडली. पण मला धाग्याचा सूर थोडा खटकतोय, राग मानू नका ताई.

आपण "राज्य देऊन टाकलं" म्हणतो तेव्हा नक्की काय दिलं? १८४८ ला डलहौसीने सातारा खालसा केलं तेव्हापासून औंध, फलटण, भोर, जत हे सगळे साताऱ्याचे जहागीरदार थेट इंग्रजांच्या अंकित. मोठे निर्णय सगळे इंग्रजांचे. खुद्द बाळासाहेबांना गादी मिळाली ती कशी, तर १९०९ मध्ये इंग्रजांनी त्यांच्या पुतण्याला पदच्युत केलं म्हणून. म्हणजे ज्याने बसवलं तो उठवूही शकत होता.

दुसरं म्हणजे खटाव-माण-आटपाडी हा सगळा पट्टा दुष्काळी. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही. तिथल्या शेतसाऱ्यावर इटलीतल्या चित्रांच्या नकला उभ्या राहिल्या. मला मूर बघून आनंद होतोच, मी काही दगड नाही. पण त्या हॉलमध्ये उभं राहून माझ्या डोळ्यापुढे सारा भरणारा माणूस येतो आणि तोही कुठल्याच चित्रात नसतो, मग राजाच्या त्यागाचं चित्र नाही याचं दुःख मी कशाला करू.

माळरान

ठिगळ, राग कशाला. सारा भरणारा माणूस चित्रात नाही हे एकदम मान्य, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फक्त एक, गादी इंग्रजांनी दिली म्हणून त्यागाची किंमत कमी होते का? उलट मला वाटतं वरच्याची मर्जी राखून आयुष्य काढायची सवय लागलेल्या माणसाला असं काही करणं जास्त अवघड. वरच्याला हे आवडणार नाही हे माहीत असताना. असो, विचार करतेय.

थोटेपंत_फॅन

प्रतिनिधींचा विषय निघाला आणि ताई तेलिणीचं नाव नाही हे चालणार नाही!!!

श्रीमंत पंतप्रतिनिधी यांचा अजिंक्य किल्ला वासोटा
तेलीण मारी सोटा
बापू गोखल्या सांभाळ कासोटा

याच घराण्यातले परशुराम श्रीनिवास. दुसऱ्या बाजीरावाशी वाकडं, बापू गोखल्यांनी लढाईत हरवलं, हाताला जखम झाली म्हणून नाव पडलं थोटे पंत. त्यांची ही ताई तेलीण, पंत कैदेत गेल्यावर बाईने वासोटा धरून ठेवला आणि बापू गोखल्यांना कित्येक महिने दमवलं. हे चित्र काढा की कोणीतरी. मी पैसे देतो (जास्त नाही).

चहाबिस्कीट

थोटेपंत, विषय म्युझियम आहे. पण कासोटा वाचून ऑफिसात हसलो, बॉस बघतोय.

निळाई

मी चित्रकलेची शिक्षिका आहे, नकलांबद्दल थोडं बोलू द्या कारण या म्युझियमबद्दल बोलताना लोक नकला म्हटलं की नाक मुरडतात आणि सरळ रविवर्म्याकडे पळतात.

त्या काळात युरोपातलं चित्र बघायचं तर तीन आठवडे बोटीने जावं लागे. पुस्तकातले फोटो काळे-पांढरे आणि हाताएवढे. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये मुलं प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून ड्रॉइंग शिकायची, कारण समोर घनाकार लागतो, छाया कुठे पडते ते बघावं लागतं. आता कल्पना करा की कोणी जेजेचा तो हॉल उचलून एका खेड्यात आणून ठेवला. शाळेतलं पोरगं चालत जाऊन बघू शकतं. ही दिवाणखान्याची सजावट नव्हती हो, एवढंच करायचं असतं तर वाड्यात टांगली असती. ती बाहेर काढून डोंगराच्या वाटेवर ठेवली, जिथून येता-जाता यमाईला जाणारा प्रत्येक माणूस जाणार. जागा बघा ना. देवाला जाणाऱ्याच्या पायाखाली चित्रं आणून ठेवलीत. आणि आत उजेड वरून येतो, चित्रावर सावली पडत नाही, हे असं आपोआप होत नसतं, कोणीतरी बसून विचार केलेला असतो.

आणि याचा परिणाम दिसतो. पंडित सातवळेकर १९१८ ला औंधला आले. लोकांना ते वेदांचे अभ्यासक म्हणून माहीत, पण ते मूळचे चित्रकार, जेजेला शिकलेले, लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर औंधला लहानाचे मोठे झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. घरात चित्रकार बाप आणि गावात असा राजा, म्हटल्यावर मुलगा दुसरं काय होणार.

ठिगळ तुमचा मुद्दा खोडत नाहीये. साऱ्याचा पैसा होता हे खरंच. पण मग बाकी संस्थानांत तोच पैसा कुठे गेला तेही त्याच तराजूत घाला.

ठिगळ

घातला. रोल्स रॉईस, कुत्र्यांची लग्नं आणि रेसचे घोडे. ठीक आहे निळाई ताई, एक पॉइंट तुमचा. पण इतरांपेक्षा बरा होता हे सर्टिफिकेट फार मोठं नाही एवढंच म्हणतो.

जुनापुराणा

वाचतोय. थोडी भर.

प्रतिनिधी हे पद मूळचं जिंजीचं. संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा हे नवं पद निर्माण झालं, प्रल्हाद निराजी पहिले. पुढे परशुराम त्रिंबक, किन्हईचे. पद अष्टप्रधानांच्याही वरचं, राजाच्या वतीने बोलणारा तो प्रतिनिधी. शाहू महाराज परत आल्यावर परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने, मग कैद, मग परत पद. त्यांचे चिरंजीव श्रीपतराव आणि पहिला बाजीराव यांची शाहूंच्या दरबारातली चुरस तर प्रसिद्धच.

मला या सगळ्यात गंमत वाटते ती त्या शब्दाचीच. जिंजीत प्रतिनिधी म्हणजे राजाने नेमलेला, राजाच्या जागी उभा राहणारा. १९३९ मध्ये त्याच घराण्याने जी घटना केली तिच्यात प्रतिनिधी म्हणजे आटपाडीच्या, कुंडलच्या शेतकऱ्याने निवडून पाठवलेला माणूस. शब्द तोच. मधे अडीचशे वर्षं.

आणि ठिगळराव, सत्ता इंग्रजांकडे होती म्हणताय तर एक लक्षात घ्या. ४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. त्यातलं कुंडल, जी. डी. बापू लाड यांचं गाव, ते औंध संस्थानात. भूमिगतांना संस्थानाच्या हद्दीचा आसरा व्हायचा, कारण ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसांना तिथे हवं तेव्हा घुसता येत नसे. इंग्रजांनी आखलेली ती भाताची शितं पोरांनी इंग्रजांविरुद्धच वापरली.

आटपाडीची_लेक

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही कधी, पण आज राहवलं नाही.

माझे आजोबा आटपाडीजवळच्या गावचे. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या घरात औंधचे राजे म्हटलं की दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक म्हणजे सूर्यनमस्कार. संस्थानातल्या शाळेत सगळ्या पोरांना घालावेच लागायचे, आजोबा शाळेत गेले जेमतेम वर्षभर पण नमस्कार मात्र सत्तरीपर्यंत घालत होते, मंत्राचा उच्चार असा करायचे की सूर्याला पण कळला नसेल.

दुसरी म्हणजे सही. पंचायतीला मत द्यायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे अशी अट होती. गांधीजींचाच आग्रह म्हणतात. तर गावात रात्री कंदिलावर वर्ग सुरू झाले, मोठे बाप्ये पोरांच्या पाट्या घेऊन बसायचे. आजोबा वर्षभराचं शिकलेलं सगळं विसरले होते, परत पहिल्यापासून. त्यांची एक वही आहे, पानावर वरपासून खालपर्यंत स्वतःचं नाव लिहिलंय, पहिल्या ओळीत अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली आणि खाली खाली सरळ होत गेलेली. शेवटच्या दोन ओळींत तर वेलांटीला ऐट आलीय. त्यांनी मत दिलं का, कोणाला दिलं, काही माहीत नाही, विचारायचं राहून गेलं.

माळरान ताई, तुम्ही चित्र शोधताय म्हणून हे सांगावंसं वाटलं.

निळाई

लेक ताई, वेलांटीला ऐट. दोनदा वाचलं.

ठिगळ

हे वाचून मीही थांबलो जरा. तरी एक विचारतो, तुमच्या आजींना मत होतं का?

आटपाडीची_लेक

चांगलं विचारलंत. आजीला अंगठाच होता शेवटपर्यंत. कंदील तिने भरायचा, काच तिने पुसायची, वर्ग आजोबांचा. कायद्यात बाई म्हणून बंदी नव्हती म्हणे, पण सही कोणाला येत होती. आई यावर अजून चिडते.

कागदी_घोडा

अटीबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आज आपण म्हणू की अशिक्षिताचं मत काढून घेतलं. ब्रिटिश हद्दीत तेव्हा मत मिळायला मुख्यतः मालमत्ता किंवा सारा भरण्याची अट होती, शिक्षणाची पण होती पण गरिबाला त्याचा उपयोग किती. त्या मानाने पाटी-पेन्सिल स्वस्त. जमीन एका रात्रीत मिळत नाही, सही महिन्या-दोन महिन्यांत येते. पण लेक ताईंच्या आजींसारख्यांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

आटपाडीचा विषय निघालाच आहे तर स्वतंत्रपूर. आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास कैद्यांची मोकळी वसाहत काढली, भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करायची, बायकापोरांना बरोबर ठेवायचं. फ्रीडमनचं डोकं. शांतारामबापूंच्या एका गाजलेल्या सिनेमाची प्रेरणा तीच. ती वसाहत आजही आहे.

चहाबिस्कीट

एक प्रामाणिक प्रश्न, हसू नका. एवढं सगळं होतं तर मला शाळेत एक ओळ पण का नाही शिकवली? मी सांगली जिल्ह्यातला आहे. किर्लोस्करवाडी स्टेशनवर शंभर वेळा उतरलोय. ते पण औंधमध्ये होतं हे मला आज कळतंय.

जुनापुराणा

होय, औंधच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळ जागा दिली, १९१० साली. नुसता निवडुंगाचा आणि सापांचा माळ. स्टेशनचं नाव तेव्हा कुंडल रोड. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तिलाही याच माणसाने एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं होतं. केवढंसं संस्थान आणि केवढी ही उठाठेव.

शिकवलं का नाही? मला वाटतं दोन-तीन कारणं. एक तर प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला, मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, आणि विलीन होताना तिथल्या पंचायतींचं काय करायचं हे कोणालाच सुचलं नाही, त्या मुंबई राज्याच्या साच्यात ओतल्या गेल्या. पंचायत राज आपल्याकडे परत आलं ते १९५९ ला राजस्थानातल्या नागौरहून, जसं काही पहिल्यांदाच.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे पण बोलतो. विलीनीकरणाच्या जेमतेम महिनाभर आधी गांधीहत्येनंतरची जाळपोळ झाली. साताऱ्यात, सांगली भागात ब्राह्मणांची घरं जळली, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही झळ बसली. सातवळेकर औंध सोडून गुजरातेत पारडीला गेले ते त्याच सुमारास. आता बघा, राजा ब्राह्मण, प्रयोग गांधींचा, मारणारा ब्राह्मण, जळणारी घरं गांधींच्या नावाने. ही गोष्ट कोणालाच सोयीची राहिली नाही. एका गटाला यातला गांधी नको, दुसऱ्याला यातला राजा नको, तिसऱ्याला जात नको. मग कशाला शिकवतील.

ठिगळ

जुनापुराणा काका, हा मुद्दा पटला. मी स्वतः "राजा नको" वाल्यांत आहे आणि म्हणूनच मलाही माहीत नव्हतं, हे कबूल करतो.

तरी माझी एक शंका जिवंत आहे. राजाने दिलं म्हणून मिळालं. वरून आलं. म्हणून वरून गेलं तेव्हा कोणी भांडलं नाही. कुंडलच्या पोरांनी जे स्वतः मिळवलं त्याच्या कथा आजही सांगतात, पोवाडे आहेत. पंचायतीचा पोवाडा कोणी रचला?

थोटेपंत_फॅन

पोवाड्याला सोटा लागतो दादा. मीटिंगचा पोवाडा होत नाही.

निळाई

हाहा. पण खरंच, थोटेपंत, सगळ्या धाग्यातलं चित्रकाराच्या कामाचं वाक्य तुम्हीच बोललात आणि तेही चुकून. आमच्याकडे मुलांना विषय देतो, ऐतिहासिक प्रसंग काढा. चाळीसच्या चाळीस पोरं तलवार काढतात. एकाही पोराने आजवर कागद काढला नाही. आता या वर्षी देते, रात्रीचा वर्ग, कंदील, मोठा माणूस पाटीवर स्वतःचं नाव लिहितोय. उजेड खालून येतो म्हणून रंगवायला कठीण आहे पण आठवीची पोरं करतील. कंदील पुसणारी बाई पण काढायला सांगते, ठिगळ.

माळरान

बापरे, तीन दिवस इकडे आलेच नाही आणि एवढं सगळं.

कागदी_घोडा, तुमचं "काढणार काय" हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हलकं उत्तर वाटलं होतं. आता वाटतं तेच बरोबर होतं, फक्त आपण उभे चुकीच्या बाजूला होतो, म्हणजे मी होते. मी राजाकडे तोंड करून चित्र शोधत होते. त्या दिवशी बघण्यासारखं जे काही होतं ते समोर बसलेल्यांच्या बाजूला होतं, आणि त्यातलं बरंचसं त्या दिवशी झालंच नाही, नंतर रात्री-रात्री झालं. ते बाळासाहेब स्वतःला कितीही चांगलं चित्र काढता येत असलं तरी काढू शकले नसते, ते तिथे नव्हतेच. ठिगळ म्हणतात सारा भरणारा माणूस चित्रात नाही, आणि लेक ताईंच्या वहीत तो आहे.

वरून आलं म्हणून वरून गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त सही परत गेली नाही ना. आजोबांना येत राहिलीच असेल.

काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. सूर्यनमस्कारावर हसले, ४८ च्या ठिकाणी गप्प बसले, त्यांच्या आत्याचं सासर त्या भागातलं होतं आणि ते लोक नंतर पुण्याला आले एवढंच मला माहीत होतं, कशामुळे आले ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. कालही नाही सांगितलं पूर्ण. "पुढच्या वेळी गेलो की आटपाडीला पण जाऊ" म्हणाले. आणि हो, मूरच्या शिल्पाबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही.

लेक ताई, त्या वहीच्या पानाचा फोटो टाकता का? नाव दिसू देऊ नका हवं तर.

आटपाडीची_लेक

वही आत्याकडे आहे हो, तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. दिवाळीत जाते तेव्हा बघते. आत्या कपाटाची किल्ली देईल का तो वेगळाच धागा होईल.

चहाबिस्कीट

काढा तो धागा, पहिला नंबर माझा.